प्रस्तावना : चपळ संरक्षकाची घडण

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात, म्हणजे जगभर ज्याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्या खेळात, प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राचे निर्णय घेतो, एक जण सूत्रधार होऊन उरलेले सारे जग, त्यातील माणसे, श्वापदे आणि शत्रू चालवतो, आणि जेथे परिणाम अनिश्चित असतो तेथे फासे टाकून निकाल लावला जातो. खेळ सुरू होण्यापूर्वी पात्र घडवावे लागते. त्याचे बळ, चापल्य, शस्त्रे, प्रशिक्षण आणि विशेष क्षमता नियमांच्या चौकटीत निवडाव्या लागतात. प्रस्तुत पुस्तक अशा घडणीच्या एकाच प्रकाराचा विचार करते. हातघाईच्या अंतरावर लढणारे, जड चिलखतापेक्षा चपळाईवर विसंबणारे, आणि शत्रूला पाडण्याआधी त्याचे वार स्वतःला व सोबत्यांना लागू न देणे हे ज्याचे मुख्य काम आहे, अशा पात्राला या पुस्तकात 'चपळ संरक्षक' म्हटले आहे.

असे पात्र घडवायला बसलेला नवखा खेळाडू बहुधा एका आकड्याच्या मागे लागतो. शत्रूचा वार लागण्यासाठी फाशावर जी संख्या गाठावी लागते ती, म्हणजे आर्मर क्लास किंवा मराठीत संरक्षणांक, जितका वर नेता येईल तितका नेणे हेच त्याला बचावाचे सार वाटते. त्यात त्याला यशही मिळते, आणि मग पहिल्याच मोठ्या लढाईत शत्रू त्याला वळसा घालून मागे उभ्या असलेल्या जादूगारावर तुटून पडतात. संगणकावरील अनेक खेळांत शत्रूने कोणावर चालून जावे हे एका ठरलेल्या गणिताने निश्चित होते, आणि त्या गणिताला हाताशी धरून बचावाचे पात्र शत्रूला आपल्याकडे खेचून ठेवू शकते. टेबलावर मात्र शत्रूच्या बाजूने विचार करणारा एक माणूस बसलेला असतो, आणि ज्याला वार लागत नाही व ज्याच्यापासून फारसा धोकाही नाही अशा पात्रावर वार वाया घालवणे त्याला पटत नाही. या पुस्तकाची सारी मांडणी याच अनुभवावर उभी आहे. बचाव हा पात्राच्या अंगी एकट्याने वसणारा गुण मानण्यापेक्षा पात्र, शत्रू, सोबती आणि जागा यांच्यामधला संबंध मानला पाहिजे, आणि तो जागा, वेळ व शत्रूचे लक्ष या तिन्ही मापांनी मोजला पाहिजे, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे.

मराठी वाचकाला ही मोजणी अगदीच अपरिचित नाही. परंपरागत खो-खोमध्ये संरक्षकाची कामगिरी मिनिटांत आणि सेकंदांत मोजली जाते, आणि सामन्याच्या वृत्तांतात त्याने किती वेळ संरक्षण केले हेच नोंदवले जाते. तिघांच्या तुकडीतील ज्याच्यामागे पाठलाग चालू आहे तो हुलकावण्या देत, खांबाभोवती वळत जो वेळ काढतो, त्या वेळात उरलेले दोघे दम घेतात. आट्यापाट्यांतही पाटी अडवणाऱ्याचा सारा खेळ समोरच्याला दुसरी वाट घ्यायला लावण्यात असतो. भूमिकाखेळातील चपळ संरक्षकाचे काम नेमके याच जातीचे आहे, फक्त त्याचे नियम इतक्या वेगवेगळ्या रीतींनी लिहिले गेले आहेत की नव्या माणसाला त्यातील समान सूत्र लवकर दिसत नाही.

या नियमांचा इतिहास पन्नास वर्षांहून थोडा अधिक आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राइस्विट्झ यांनी रूढ केलेल्या क्रीग्जश्पील या युद्धखेळापासून निघालेली परंपरा विसाव्या शतकात अमेरिकेतील हौशी मंडळींपर्यंत पोहोचली. तेथे १९६९ मध्ये डेव्हिड वेस्ली यांनी ब्राउनश्टाइन या खेळात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेक व्यक्ती दिली, १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम आले, आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ब्लॅकमूर या मोहिमेचा अनुभव त्यात मिसळून १९७४ मध्ये गायगॅक्स व आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पहिला व्यापारी भूमिकाखेळ प्रसिद्ध झाला. या पहिल्या आवृत्तीत संरक्षणांक जवळजवळ पूर्णपणे अंगावरच्या चिलखतावर आणि ढालीवर ठरत असे, आणि पात्राच्या चापल्याचा हातघाईच्या बचावाशी संबंधच नव्हता. तो संबंध १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने जोडला, आणि तोही केवळ लढवय्या वर्गातील पात्रांपुरता. त्याच वर्षीच्या 'ब्लॅकमूर' या पुरवणीत मंक हा निःशस्त्र लढण्यात तरबेज, चिलखत न घालणारा योद्धा आला, ज्याचा बचाव अनुभवाबरोबर सुधारत जाई. चपळ संरक्षकाची वंशावळ येथून सुरू होते असे मानायला हरकत नाही.

पुढच्या काही वर्षांत बचावाविषयी दोन अगदी भिन्न विचार रूढ झाले, आणि आजही बहुतेक खेळपद्धती यांपैकी एकाकडे झुकलेल्या असतात. पहिल्या विचारात बचाव स्थिर असतो. हल्ला करणारा फासा टाकतो, बचाव करणाऱ्याचा आकडा आधीच ठरलेला असतो, आणि त्या आकड्यात चिलखत, चापल्य, ढाल हे सारे एकत्र मिसळून जाते. दुसऱ्या विचारात बचाव सक्रिय असतो. वार अचूक पडला तरी ज्याच्यावर तो पडला त्याला चुकवण्याची किंवा अडवण्याची स्वतंत्र संधी मिळते आणि तो स्वतः फासा टाकतो. १९७८ चा 'रूनक्वेस्ट' हा या दुसऱ्या विचाराचा पहिला मोठा प्रतिनिधी. त्याचे एक कर्ते स्टीव्ह पेरिन मध्ययुगीन शस्त्रविद्या प्रत्यक्ष खेळणाऱ्या अमेरिकन मंडळातले होते, आणि वार करणे व वार अडवणे यांची जोडी त्यांनी नियमांत जशीच्या तशी आणली. 'रोलमास्टर'मध्ये खेळाडूला दर फेरीत आपल्या हल्ल्याच्या गुणांपैकी काही भाग बचावाकडे वळवता येई. १९७५ चा 'आँ गार्द' तर त्याहूनही वेगळा होता; त्यात द्वंद्व खेळणारे आपापल्या चाली आधी गुपचूप लिहून ठेवत आणि मग त्या एकमेकांसमोर उलगडत, त्यामुळे तेथे समोरच्याचे मन ओळखणे हाच बचाव होता.

सक्रिय बचावाचा सर्वात नेटका नियम स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ च्या 'गर्प्स' या पद्धतीत सापडतो, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने तो अतिशय बोलका आहे. तेथे चुकवणे, शस्त्राने अडवणे आणि ढालीवर घेणे हे तीन वेगळे बचाव आहेत. तीन साध्या फाशांची बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की बचाव साधतो, आणि अंगावरचे ओझे वाढले की चुकवण्याचा आकडा खाली येतो. या पद्धतीच्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत बचाव करताना एक पाऊल मागे घेतले तर चुकवण्याच्या आकड्यात ३ ची भर पडते. ज्याचा आकडा ९ आहे तो १०० पैकी साधारण ३७ वेळा वार चुकवतो, पण मागे सरकायला जागा असेल तर आकडा १२ होतो आणि तोच ७४ वेळा वाचतो. एका पावलाच्या मोकळ्या जागेने बचाव दुप्पट होतो, आणि पाठ भिंतीला टेकली की ती दुप्पट नाहीशी होते. चपळाईला जागा लागते हे सत्य इतक्या थोड्या अंकांत मांडणारा दुसरा नियम सापडणे कठीण आहे.

स्थिर बचावाच्या बाजूलाही बारकावे वाढत गेले. २००० साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीने संरक्षणांक चढता केला, म्हणजे आकडा जितका मोठा तितका बचाव चांगला असे ठरवले, जड चिलखतात चापल्याचा किती लाभ मिळेल यावर मर्यादा घातली, आणि एकाच पात्राला तीन संरक्षणांक दिले: नेहमीचा, केवळ स्पर्शही टाळायचा असेल तेव्हाचा, आणि बेसावध असतानाचा. बेसावध पात्राचे चापल्य मोजले जात नसे, त्यामुळे दबा धरून केलेला हल्ला चिलखतधाऱ्यापेक्षा चपळ योद्ध्याला अधिक महाग पडे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर प्रस्तुत विषयाच्या मुळालाच हात घातला. संरक्षक ही भूमिकाच तिने नियमांत नोंदवली आणि संरक्षकाने 'खूण' केलेल्या शत्रूने दुसऱ्या कोणावर वार केला तर त्याच्या फाशातून २ वजा होतील असे ठरवले. पुष्कळ जुन्या खेळाडूंना ही खूण कृत्रिम वाटली. तरीही शत्रूचे लक्ष ही वस्तू नियमांच्या भाषेत मांडण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता आणि त्या खुणेची उपेक्षा झाली हे योग्य झाले नाही, असे या पुस्तकाचे मत आहे.

२०१४ ची पाचवी आवृत्ती साधी आहे, पण तिच्यातील गणित नवख्याला फसवते. वीस बाजूंच्या फाशावर संरक्षणांकातील प्रत्येक १ ची किंमत ५ टक्के असते, हे खरे. पण ती किंमत सगळीकडे सारखी जाणवत नाही. ज्या शत्रूला ११ किंवा अधिक पडल्यावर वार लागतो त्याचे १०० पैकी ५० वार लागतात; संरक्षणांक १ ने वाढला की ते ४५ होतात, म्हणजे पूर्वीच्या दहातला एक वार टळतो. ज्याला १९ लागतात त्याचे १० वार लागतात, आणि तेथे तोच १ वाढला की ५ उरतात. लागणारे वार निम्म्यावर येतात. त्यामुळे बचाव जितका चांगला तितकी पुढची भर अधिक मोलाची, हा मोह निर्माण होतो आणि पात्राचे सारे धन एकाच आकड्यात ओतले जाते. शत्रूला दोन फासे टाकून त्यातला लहान घ्यायला लावणाऱ्या नियमाचेही असेच आहे: ५० टक्क्यांचे २५ होतात, पण २५ टक्क्यांचे सव्वासहाच उरतात.

या मोहाची किंमत पाचव्या आवृत्तीत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. प्रत्येक पात्राला एका फेरीत एकच प्रतिक्रिया मिळते, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत झटकन करायची एकच कृती. रोग या वर्गाच्या पात्राला पाचव्या पातळीवर दिसणाऱ्या शत्रूच्या वाराची इजा निम्मी करण्याची क्षमता मिळते, पण ती प्रतिक्रिया खर्चून. आणि शेजारून निसटून जाणाऱ्या शत्रूवर मारायचा संधीचा वारही त्याच प्रतिक्रियेतून येतो. ज्याने स्वतःला वाचवण्यासाठी ती वापरली त्याच्याजवळून उरलेले शत्रू बिनधास्त पुढे जातात. उलट, ढाल धरणारा लढवय्या तीच प्रतिक्रिया शेजारच्या सोबत्यावरील वार बिघडवण्यासाठी वापरू शकतो. एकाच कृतीचे हे तीन उपयोग आणि त्यांतून करावी लागणारी निवड हे चपळ संरक्षकाच्या घडणीचे खरे केंद्र आहे, आणि संरक्षणांकाच्या तक्त्यांत ते दिसत नाही. २०१९ च्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीने हा खर्च अधिक उघडपणे मांडला. तेथे प्रत्येक पाळीत तीन कृती असतात आणि ढाल उचलणे ही त्यातली एक मोजून द्यावी लागते.

कथाप्रधान खेळांची एक तिसरी शाखाही लक्षात घ्यायला हवी. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून निघालेल्या या शाखेत वार-प्रतिवारांचा हिशेब कमी आणि घटनेच्या वळणाचा विचार अधिक असतो. तिच्यातील 'डंजन वर्ल्ड' या २०१२ च्या खेळात संरक्षण म्हणजे काहीतरी किंवा कोणाला तरी राखण्यासाठी उभे राहणे. फासा अनुकूल पडला की राखणदाराला काही गुण साठवता येतात, आणि ते खर्चून त्याला हल्ला स्वतःकडे ओढून घेता येतो, इजा निम्मी करता येते, हल्लेखोराला सोबत्यासमोर उघडे पाडता येते किंवा त्याला उलट इजा करता येते. या पुस्तकाच्या मुख्य विचाराला नियमाचे रूप देणारा खेळ शोधायचा तर तो हाच.

मराठी माणसाजवळ या विषयाची स्वतःची सामग्रीही आहे, आणि तिचा उपयोग केवळ शोभेसाठी करू नये. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या पोलादी खोळीत असते, मनगट वाकवता येत नाही, म्हणून त्याचे सारे वार खांदा, कंबर आणि पायांच्या फिरकीतून येतात. पट्टा फिरवणारा आपल्याभोवती एक वर्तुळ राखतो आणि त्या वर्तुळात शिरणे हाच शत्रूपुढचा प्रश्न होतो. फरी-गदका हा ढाल-तलवारीचा सरावाचा खेळ आहे आणि त्यात फरीने घेणे व गदक्याने देणे ही लय अंगात मुरवली जाते. बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली दहा खंडांत प्रसिद्ध झालेल्या 'व्यायामज्ञानकोशा'त अशा विद्यांची तपशीलवार नोंद आहे, आणि विदर्भात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून देशी व्यायामाची परंपरा जोपासली आहे. इतिहासातील दोन प्रसंग तर या विषयाचे पाठच आहेत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार शिवाजी महाराजांवर पडण्याआधी जिवा महालाने त्याला तोडले. प्रतिक्रिया सोबत्यासाठी खर्चणे म्हणजे काय याचे याहून नेमके उदाहरण देता येणार नाही. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे राहिले तेव्हा त्यांच्या बचावाचे माप शत्रूचे किती पडले हे नव्हते, महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत किती वेळ मिळाला हे होते, आणि तो वेळ त्यांना खिंडीच्या अरुंदपणाने मिळवून दिला.

हा विषय आताच मराठीत का आणावा, यालाही ठोस कारण आहे. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, आणि श्रेय नोंदवून ते नियम कोणालाही वापरण्याची, बदलण्याची, भाषांतरित करण्याची, इतकेच नव्हे तर विकण्याचीही मुभा मिळाली. महागडी इंग्रजी पुस्तके हा आजवरचा मोठा अडसर त्यामुळे बराच कमी झाला आहे. भूमिकाखेळ मुळात बोलण्याचा खेळ आहे. ज्या भाषेत माणूस भांडतो, घाबरतो आणि सोबत्याला ओरडून सावध करतो त्या भाषेत तो खेळला गेला नाही तर त्याचा अर्धा जीव निघून जातो.

पुस्तकातील नमुना-मोहिमेसाठी गोंदिया जिल्हा निवडण्यामागेही विचार आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा जिल्हा मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी या भाषा एकाच बाजारात ऐकवतो. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत दंडार हे लोकनाट्य रंगते, धान घरात आल्यावर झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात, आणि त्या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चारही जिल्ह्यांना ती आपली वाटली. सोंग घेऊन उभे राहण्याची आणि ते सोंग मनापासून पाहण्याची सवय जेथे इतकी जुनी आहे तेथे भूमिकाखेळ परका ठरण्याचे कारण नाही.

त्याहून महत्त्वाची आहे ती जमीन. धानाच्या बांध्या आणि त्यांच्यामधले धुरे, मालगुजारी तलावांच्या उंच पाळी, नागझिऱ्यातील बांबूची रांजी, नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय, ही सारी ठिकाणे चपळ संरक्षकाची परीक्षा घेतात. धुऱ्यावर एका वेळी एकच माणूस येऊ शकतो, त्यामुळे तेथे एक संरक्षक चौघांना थोपवू शकतो, पण स्वतः बाजूला सरकण्याची त्याची वाटही बंद होते. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात उतरले की नियमांनुसार प्रत्येक पावलाला दुप्पट चाल खर्ची पडते आणि चपळाई जवळजवळ निकामी होते. तीच बांधी उन्हाळ्यात कोरडी व उघडी पडते, आणि शत्रूला संरक्षकास चहूबाजूंनी घेरता येते. बांबूच्या आडोशाने संरक्षणांकात २ ची, दाट आडोशाने ५ ची भर पडते, मात्र जो शत्रू दिसत नाही त्याच्या वारावर रोगची इजा निम्मी करण्याची क्षमता चालत नाही. सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा अंधारातील लढाईसाठी सोयीची वाटली असती, पण माघ पौर्णिमेला दूरदूरचे गोंड बांधव जेथे दर्शनाला येतात त्या श्रद्धास्थानाला रणभूमी करणे उचित नसल्यामुळे मोहिमेत त्या स्थळाला लढाईपासून पूर्णपणे दूर ठेवले आहे.

या पुस्तकात सर्वोत्तम पात्राचा तयार आराखडा मिळणार नाही, कारण जमीन, सोबती आणि सूत्रधार बदलले की तो आराखडा निकामी होतो. त्याऐवजी प्रत्येक निवडीपुढे तीन प्रश्न ठेवले आहेत: या क्षमतेसाठी कोणती कृती खर्ची पडते, तिला किती जागा लागते, आणि ती वापरल्यावर शत्रूला आपल्याकडे वळण्याचे कोणते कारण उरते. शेवटच्या प्रश्नामुळेच पुस्तकात हल्ल्याचा विचारही बराच आला आहे, कारण ज्याच्या प्रतिवाराची धास्ती नाही त्याच्यापुढे कोणी थांबत नाही. आकडेमोड पाचव्या आवृत्तीच्या खुल्या नियमांवर आधारली आहे आणि गर्प्स व पाथफाइंडर खेळणाऱ्यांसाठी फरक जागच्या जागी दिले आहेत. जादूने मिळणारा बचाव मात्र जाणीवपूर्वक मर्यादित ठेवला आहे. तो विषय मोठा आहे, आणि त्यात शिरले की जागेचा व पावलांचा विचार मागे पडतो. सूत्रधारांनी मोहिमेचा भाग आधी वाचावा आणि खेळाडूंनी तो न वाचता पात्र घडवावे, ही एकच अपेक्षा आहे, कारण तलावाच्या पाळीवरून बांधीत उतरायचे की नाही हा निर्णय त्यांना पहिल्यांदा खेळतानाच घ्यावा लागला पाहिजे.